गावाची रीत बदलताना : किशोरवयीनांच्या आरोग्याचं काम, पहिल्या पत्रापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत

किशोरवयीन मुलामुलींच्या लैंगिक आणि प्रजनन आरोग्यावर गावात काम करायचं ठरलं की सुरुवात बहुतेक ठिकाणी माहितीपासून होते. भिंतीवर पोस्टर, चौकात पथनाट्य, शाळेत डॉक्टरांचं भाषण. माहिती पोचते आणि वागणं होतं तसंच राहतं. सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावणाऱ्या बापाला कायदा माहीत असतो, लवकरच्या बाळंतपणाचा धोकाही त्याने ऐकलेला असतो. त्याला धास्ती असते ती भावकीत 'पोरगी घरात ठेवून बसलाय' असं बोललं जाण्याची. म्हणजे हात घालायचा तो या बोलण्याला.

ज्यांच्यावर असं काम पहिल्यांदाच येऊन पडलंय, त्या कार्यकर्त्यांसाठी, आशाताईंसाठी आणि शिक्षकांसाठी हा अनुभव लिहीत आहोत. काम मराठवाड्यातल्या एका तालुक्यातलं. गावांची नावं दिलेली नाहीत, कारण गाव ओळखू आलं की मुली ओळखू येतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. देशाची सरासरी २३.३ टक्के. राज्याचा आकडा वरवर बरा दिसतो, पण त्याच फेरीत बीड जिल्हा ४३.७ टक्क्यांवर आणि परभणी ४८ टक्क्यांवर आहे. तेव्हा आम्ही तीनच रीती निवडल्या: अठराच्या आत मुलीचं लग्न, लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलायला हवा ही अपेक्षा, आणि बिनलग्नाच्या मुलाने किंवा मुलीने दवाखान्यात 'तसलं काही' विचारलं तर ते बिघडलेलं समजणं. तीनपेक्षा जास्त घेऊ नयेत. हुंडा, मोबाइल, कपडे, सगळंच एकदम धरलं की बैठकीत प्रत्येक जण आपल्या आवडीच्या विषयावर बोलत बसतो.

जून ते सप्टेंबर : कागद

पत्रं एकाच वेळी चार ठिकाणी द्यावी लागतात: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, माध्यमिक शिक्षणाधिकारी आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकारी. एकाची परवानगी आली की मग दुसऱ्याकडे जाऊ असं केलं तर वर्ष तिथेच जातं. प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. पुढच्या खेपेला टेबलापलीकडून 'पत्रच आलं नाही' असं ऐकू आलं की तोच कागद कामाला येतो. शिक्षण खात्याचं उत्तर सगळ्यात उशिरा आलं, पावसाळा त्यात गेला. त्यामागे जुनं कारण आहे. २००७ मध्ये राज्यातल्या शाळांमधला किशोर शिक्षण कार्यक्रम वादात सापडून थांबवला गेला होता, आणि ती धास्ती कार्यालयात अजून आहे. गोडगुलाबी नाव देऊन मजकूर लपवायचा मोह होतो, तो टाळावा. सत्रवार अभ्यासक्रम, वापरायची चित्रं आणि कोणतं सत्र कोण घेणार याची यादी पत्रालाच जोडावी. पुढे कोणी तक्रार केली तर अधिकाऱ्याला 'हे मी पाहूनच मान्यता दिली आहे' असं म्हणता आलं पाहिजे.

मुलाखती आणि मोजमाप होणार असेल तर संस्थात्मक नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. तिथे दोन कागद बारकाईने पाहतात: पालकांचं संमतिपत्र आणि मुलांचं स्वतःचं होकारपत्र. पालकाने सही केली म्हणून मुलीला बोलतं करता येत नाही. तिचा नकार हा नकारच.

तिसरा कागद, म्हणजे कायद्याबद्दल गटाला आधी काय सांगायचं ते वाक्य, कोणी मागत नाही, तरी गावात पाऊल टाकण्याआधी तो तयार हवा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार (लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा) अठराखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, दोघांची मर्जी असली तरी. अशा घटनेची माहिती मिळालेल्या कोणालाही कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा होऊ शकते. म्हणून प्रत्येक गटात बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगायचं: 'इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण अठराखालच्या कोणावर असं काही घडल्याचं आमच्या कानावर आलं तर ते कळवणं आम्हाला भाग आहे. म्हणून गोष्टीतल्या मुलीबद्दल बोलू, स्वतःबद्दल नको.' हे वाक्य ऐकल्यावर गट थोडा गप्प होतो. होऊ द्यावा. मुलगी बोलून गेल्यावर ते सांगणं म्हणजे तिचा विश्वासघात.

ऑक्टोबर ते डिसेंबर : रीत ओळखणं

या कामाचा कणा हाच टप्पा आहे आणि अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कात्री यालाच लागते. गावात एखादी गोष्ट सगळेच करत असले तरी ती रीत असेलच असं नाही. पाऊस आला की सगळे छत्री उघडतात. शेजाऱ्याने उघडली नाही तरी आपण उघडतोच. रीत तेव्हा म्हणायची, जेव्हा माणूस दोन गोष्टींकडे बघून वागतो: इतर लोक काय करतात याचा त्याचा अंदाज, आणि आपण काय करावं असं इतरांना वाटतं याचा त्याचा अंदाज. क्रिस्टिना बिक्येरी या अभ्यासक बाईंनी ही विभागणी नीट मांडली आहे आणि जगभरच्या अशा कामांत ती वापरली जाते. दोन्ही अंदाजच आहेत आणि ते चुकीचे असू शकतात, हे लक्षात ठेवलं की पुढचं काम उलगडतं.

'तुमचं मत काय?' असं थेट विचारून उपयोग होत नाही. उत्तर येतं, 'अठराच्या आत करू नये, कायदा आहे.' हे उत्तर पाहुण्याला द्यायचं असतं. त्याऐवजी गोष्ट सांगायची. आमची गोष्ट अशी होती: रेखा सोळा वर्षांची, दहावी झालेली. पुढचं कॉलेज तालुक्याला, एसटीने जावं लागतं. मामाने स्थळ आणलंय, मुलाला शेती आहे, मागणी काही नाही. रेखाच्या वडिलांना वाटतं थांबावं.

मग एकेक प्रश्न. या गावातले बहुतेक बाप इथे काय करतील? रेखाच्या बापाने काय करावं असं लोकांना वाटेल? तो नाही म्हणाला तर कोण काय बोलेल? त्या बोलण्याने त्याचं खरोखर काय बिघडेल? त्याच्या बाजूने कोणी उभं राहील का, कोण? आणि शेवटी: स्थळ आल्याचं गावात कोणालाच कळणार नसेल तर तो काय करेल? उत्तर 'मग तो थांबेल' असं आलं, तर तिथे रीत काम करते आहे. 'तरीही लावून देईल' आलं, तर अडचण दुसरीच आहे.

एका गटात आठ-दहा जण, तासाभराची बैठक. गट वेगवेगळे लागतात: बिनलग्नाच्या मुली, लग्न झालेल्या मुली, मुलगे, आया, बाप, सासवा, आणि प्रत्येक वस्तीचे वेगळे. वस्त्या एकत्र केल्या की ज्यांचं गावात चालतं तेच बोलतात. सासू ओसरीवर आणि सून आत, अशा घरात सुनांची बैठक घेऊ नये. दुपारी अंगणवाडी सुटल्यावरची खोली चांगली. सरपंचांचा मान आधी भेटून राखावा, म्हणजे ते बैठकीला येऊन बसत नाहीत. नवी कारणं निघायची थांबली की गट थांबवायचे.

दुसरं शोधायचं ते ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांना. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सरपंच, पोलीस पाटील, महाराज. लग्नाच्या बाबतीत नावं वेगळीच आली: मुलीचा मामा, मोठी आत्या, भावकीतला एखादा थोरला, आणि स्थळं जुळवणारा मध्यस्थ. पहिल्या बाळंतपणाबाबत सासू आणि शेजारच्या बायका. मुलग्यांच्या बाबतीत त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी मोठे दोस्त. तेव्हा प्रत्येक रीतीसाठी वेगळी यादी करावी लागते.

या टप्प्यातून तीन वेगळी चित्रं हाती आली. लग्नाच्या वयाबाबत खूप जणांना मनातून थांबावंसं वाटत होतं, पण आपण एकटेच असं समजून ते गप्प होते. दवाखान्याबाबत तसं काही नव्हतं. बिनलग्नाच्यांनी तिथे जाणं बहुतेकांना मनापासूनच चुकीचं वाटत होतं. आणि पहिल्या मुलाबाबत रीतीइतकीच भीती होती: 'आधी गोळ्या घेतल्या तर पुढे राहत नाही.' भीतीवर माहितीचा इलाज चालतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या वस्त्यांचा हिशोब आणखी निराळा. मुकादमाकडून उचल घेताना नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. दिवाळीच्या सुमाराला आईबाप कारखान्यावर निघाले की वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न तर खराच असतो. हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती साधारण आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. इथे नुसत्या बैठका घेणं म्हणजे लोकांची थट्टा. त्या वस्त्यांत आम्ही आधी मोठ्या मुलींच्या राहण्याच्या सोयीसाठी शासकीय वसतिगृहांचे अर्ज भरले, बैठका मागाहून.

जानेवारी, फेब्रुवारी : आधी दवाखाना

गावात मागणी तयार करायची आणि मुलगी दवाखान्यात गेल्यावर नर्सबाईंनी पहिला प्रश्न 'लग्न झालंय का?' असा विचारायचा, हे एकदा घडलं तरी पंचक्रोशीत पसरतं. म्हणून सेवा आधी.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ ला सुरू झाला. त्यातल्या १० ते १९ वयोगटाच्या दवाखान्यांना महाराष्ट्रात मैत्री क्लिनिक म्हणतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत पाटी बहुधा असते. पाटीपलीकडचं स्वतः जाऊन पाहायचं: समुपदेशकाची जागा भरलेली आहे का, खोलीला दार आहे का, बाहेरच्या बाकावर गरोदर मातांची रांग लागते का (तिथे गावची काकू भेटणारच), शाळा सुटल्यानंतरची वेळ आहे का, नोंदवही टेबलावर उघडी असते का. बहुतेक दुरुस्त्या फुकटच्या असतात. खोलीचं दार मागच्या बाजूला उघडणं, वही ड्रॉवरमध्ये ठेवणं, निरोधचा डबा समुपदेशकाच्या टेबलावरून हलवून स्वच्छतागृहाशेजारी ठेवणं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावला की काम पुढे सरकतं. तोंडी विनंती राहून जाते.

कर्मचाऱ्यांची खरी अडचण कायद्याची भीती असते, आणि ती रास्त आहे. त्यांच्यासोबत अर्धा दिवस फक्त कायद्यावर बसावं. अठराखालच्या मुलीचा गर्भपात करायला पालकाची लेखी संमती लागते. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं लागतं आणि ज्यांना ही मुदत मिळते त्यांत अल्पवयीन मुली आहेत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे माहीत नसल्यामुळे मुलीला परत पाठवलं जातं, आणि परत पाठवलेली मुलगी कुठे जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पाळणा लांबवायच्या साधनांबद्दलही एक तपशील. 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं. ते थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. नव्या सुनेला हे न सांगता दिलं आणि तिने सोडल्यावर लगेच राहिलं नाही, की 'बघा, म्हटलं नव्हतं?' असं म्हणायला सासू मोकळी. पहिलं मूल थोडंसंच लांबवायचं असणाऱ्यांना निरोध, माला-एन गोळ्या किंवा 'छाया' गोळ्या (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा) यांची निवड समजावून सांगितली तर ही अफवा वाढत नाही.

मार्चपासून : आधी मोठी माणसं

ही लग्नसराईची वेळ. तारखा ठरलेल्या घरी या काळात बोलू नये, कान बंद असतात. पण ज्यांची लग्नं पुढच्या वर्षावर आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर विषय जिवंत असतो. शोधलेल्या यादीतले बारा-पंधरा जण, तेच ते लोक, दर पंधरवड्याला. बापांची बैठक रात्री जेवणं झाल्यावर, देवळाच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात. बायकांची बचत गटाच्या बैठकीला जोडून, हप्ते भरून झाल्यावर. बापांच्या पहिल्या बैठकीची धाकधूक प्रत्येकालाच वाटते. तिथे उत्तरं तयार ठेवून जाण्यापेक्षा गोष्ट घेऊन गेलेलं बरं.

इथे मण्यांची पद्धत सांगतो, कारण इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी साधन दुसरं सापडलं नाही. दोन मडकी, कापड, पांढरे आणि लाल मणी. पडद्यामागे दोन्ही मडकी, एक मोजायचं आणि एक टाकायचं. प्रत्येकाच्या हाती एक पांढरा, एक लाल मणी. पहिला प्रश्न: तुमच्या स्वतःच्या मनात काय आहे, मुलीचं लग्न अठरानंतरच व्हावं (पांढरा) की आधी झालं तरी चालेल (लाल)? निवडलेला मणी मोजायच्या मडक्यात, उरलेला दुसऱ्यात. रिकाम्या हाताने बाहेर यायचं. हातात मणी उरला तर रंग दिसतो आणि गुपित फुटतं. मग तेच पुन्हा, दुसऱ्या प्रश्नासाठी: इथे बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या मनात काय असेल? दोन्ही फेऱ्या झाल्यावर मणी सगळ्यांसमोर जमिनीवर ओतून मोजायचे, तेही गावातल्याच कोणीतरी. पहिल्या फेरीत पांढरे जास्त आणि दुसऱ्यात लाल जास्त निघाले की बैठकीचा नूर बदलतो. आपण काही बोलायची गरज नसते. 'मग एवढे दिवस कोणाला घाबरत होतो?' हा प्रश्न त्यांच्यातूनच येतो.

यात धोका आहे. पहिल्याच फेरीत लाल जास्त निघाले तर आपण स्वतःच्या हाताने रीत घट्ट केली. म्हणून आधीच्या टप्प्यात जिथे मनातलं आणि दिसणारं यांत फरक दिसला, त्याच विषयावर हे करायचं. दवाखान्याच्या विषयावर आम्ही मडकी काढलीच नाहीत. तिथे वाट लांबची: पाळीतलं दुखणं, अंगावरून पांढरं जाणं, रक्त कमी असणं, मुरुम, परीक्षेची धास्ती, अशा कोणालाही मान्य कारणांसाठी क्लिनिकची सवय लावायची. आईच मुलीला घेऊन येते. 'मुली तिथे जातात' हे नेहमीचं झालं की मुली कशाला जातात याची चौकशी कमी होते.

याच कारणाने आकड्यांची पोस्टरं लावू नयेत. 'जिल्ह्यात जवळपास निम्म्या मुलींची लग्नं अठराच्या आत!' हे वाचून अधिकारी हळहळतो; गावातला बाप वाचतो की निम्मे लोक करतात, म्हणजे आपण काही वेगळं करत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या एका राष्ट्रीय उद्यानात, अश्मीभूत लाकूड बरेच पर्यटक चोरतात अशी खंत व्यक्त करणारी पाटी लावल्यावर चोरी वाढल्याचं मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांच्या प्रयोगात दिसलं होतं. पोस्टर लावायचंच तर थांबलेल्या घरांबद्दल, त्यांची परवानगी घेऊन.

जूनपासून : मुलंमुली

मुलामुलींची सत्रं इतकी उशिरा का, असं विचारलं जातं. मुलीने शिकून येऊन घरी 'मला थांबायचंय' म्हणायचं आणि घरात एकही माणूस तिच्या बाजूने तयार नसायचा, हा भार तिच्यावर टाकणं बरोबर नाही.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावाला चार साथी (बरोबरीच्या मुलांशी बोलणारे) निवडतात, दोन मुलगे आणि दोन मुली. हुशार विद्यार्थ्यांनाच निवडायची शाळांना सवय असते. शाळा सोडलेला एक तरी हवाच. १० ते १४ आणि १५ ते १९ असे वयोगट वेगळे, सुरुवातीला मुलगे-मुलीही वेगळे. मुलींचं सत्र दिवेलागणीच्या आत संपलं पाहिजे. दोनदा उशीर झाला की तिसऱ्या वेळी मुलगी येत नाही. लग्न झालेल्या मुलींना या गटांत बसवू नये, त्यांचे प्रश्न निराळे असतात आणि त्यांची दुपारची वेळ ठरलेली असते. पैठण तालुक्यातल्या पाचोड इथे इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने मुलींसाठी वर्षभराचा, रोज संध्याकाळी तासभराचा जीवनकौशल्य अभ्यासक्रम चालवला होता, आणि त्या भागात लग्नाचं वय वाढल्याचं दिसलं होतं. त्यातला धडा सलगतेचा आहे. तीन दिवसांचं शिबिर आणि फोटो यांतून काही हलत नाही.

प्रश्नपेटीत प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, काही विचारायचं नसेल तर कोरी. नाहीतर उठून चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत स्वप्नदोष, हस्तमैथुन आणि 'धातू जाणं' यांचीच गर्दी असते. ही भीती गेल्याशिवाय ते मुलींच्या सन्मानाबद्दल काही ऐकून घेत नाहीत. आधी त्यांचं ऐकावं.

विरोध

तो येतोच. एखादं मुलगा-मुलीचं प्रकरण होतं आणि बोट सत्रांकडे दाखवलं जातं. व्हॉट्सॲप ग्रुपवर खुलासा लिहीत बसू नये, तिथे प्रत्येक उत्तर नवा वाद पेटवतं. आपल्यातल्या दोघांनी विरोध करणाऱ्यांच्या घरी जाऊन भेटावं, आणि त्याच आठवड्यात पालकांना बोलावून तेच सत्र, तीच चित्रं दाखवावीत. ज्या मुली उघडपणे बोलू लागल्यात त्यांच्या घरचं वातावरण काय आहे, याकडे या दिवसांत रोज लक्ष हवं; विरोधाची पहिली झळ त्यांनाच लागते.

ठरलेलं लग्न कळलं तर पर्याय नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला कळवायचं. हातात वेळ असेल तर कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळवता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न कलम १४ नुसार मुळातच रद्द ठरतं. वयासाठी शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद लागते. आधार कार्डावर विसंबू नये. सत्र घेणाऱ्या स्थानिक ताईचं नाव तक्रारीत कुठेही येऊ देऊ नये, तिला त्याच गावात राहायचं असतं. लग्न थांबल्यावर मुलीला बालकल्याण समितीसमोर नेतात, आईबापांकडून हमीपत्र घेतात, आणि तिथेच सगळ्यांना काम संपल्यासारखं वाटतं. पुढचे सहा महिने धोक्याचे असतात: मुलगी मामाच्या गावाला जाते आणि लग्न तिकडे रात्रीत उरकतं. आशाताईंनी महिन्याला एकदा सहज म्हणून डोकावणं हमीपत्रापेक्षा उपयोगी पडतं. लग्न होऊनच गेलं असेल तर मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत ते रद्द करून मागू शकते, ही माहिती तिच्या एकटीच्या कानावर पोचली पाहिजे.

ग्रामसभा

ठराव सगळ्यात शेवटी. पहिल्या महिन्यात ठराव करून फोटो काढणारी गावं आहेत. तिथे कोणी मन बदललेलं नसतं, त्यामुळे पुढच्या लग्नसराईत ठरावाला कोणी विचारत नाही.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, आदल्या दिवशी महिला सभा होते. विषय नोटिशीतच छापून आला पाहिजे, 'ऐनवेळचे विषय' यात नको. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तहकूब सभेत चार माणसांनी केलेला ठराव गावाचा वाटत नाही, तेव्हा पहिल्याच सभेला माणसं जमवावीत.

उत्साहात कोणीतरी म्हणतं, 'जो अठराच्या आत लावेल त्याच्याकडे जेवायला जायचं नाही, त्याला वाळीत टाका.' हे ठरावात येता कामा नये. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, आणि असा ठराव करणारेच त्यात अडकतात. दंडही नको. काय करू ते लिहावं: लग्नपत्रिका छापायच्या आधी वयाचा दाखला ग्रामपंचायतीत दाखवायचा, कॉलेजच्या मुलींसाठी एसटीच्या वेळेची मागणी आगाराकडे करायची, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या वर्षाच्या दहा हजारांच्या अबंधित (समितीला गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या) निधीतून किशोरवयीनांच्या सत्रांसाठी काही रक्कम बाजूला ठेवायची. ग्रामसभेच्या ठरावात ताकद असते हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करून दाखवलं आहे; काही दिवसांत शासनाने इतर गावांनाही ते अनुकरणीय ठरवणारं परिपत्रक काढलं.

लग्नाच्या बाबतीत एका गावाच्या ठरावाने भागत नाही. सेनेगलमध्ये मालिकुंडा बंबारा या गावातल्या बायकांनी ३१ जुलै १९९७ ला मुलींची सुंता बंद करायची घोषणा केली. शेजारचे इमाम देंबा दियावारा यांनी तेव्हा दाखवून दिलं की सोयरिकी ज्या गावांशी होतात ती सगळी सोबत आली नाहीत तर आपल्या मुलींना स्थळं मिळणार नाहीत, आणि ते स्वतः गावोगाव पायी फिरले. आपल्याकडचा हिशोब तोच. गेल्या काही वर्षांत मुली कुठे दिल्या आणि सुना कुठून आणल्या, याची यादी बचत गटातल्या बायका एका बैठकीत तोंडपाठ सांगतात. त्या गावांतले मामा आणि मध्यस्थ ग्रामसभेला पाहुणे म्हणून बोलवावेत.

मोजायचं काय

बालविवाहांचा आकडा कमी झाला म्हणून लगेच अहवाल लिहू नये. लपवलेली लग्नं आणि दाखल्यावर वाढवलेली वयं त्यात असतात. सुरुवातीची रेखाची गोष्ट तशाच गटांत पुन्हा सांगावी. पहिल्यांदा बदलतं ते 'तो नाही म्हणाला तर कोण काय बोलेल?' याचं उत्तर. 'नावं ठेवतील' च्या जागी 'काहीजण ठेवतील' येतं, मग 'थोरल्या आत्या त्याची बाजू घेतील' असं एखादं नाव येतं. लग्नाचं वय त्यानंतर हलतं, त्याला दोन-तीन लग्नसराया जाव्या लागतात, आणि निधी देणाऱ्यांना हे प्रस्तावातच लिहून द्यावं. खर्चाचा मोठा वाटा स्थानिक ताई-दादांच्या मानधनाचा आणि रात्रीच्या प्रवासाचा असतो, छपाईचा फारच थोडा. प्रस्तावात छपाई फुगवून मानधन दाबलं की वर्षाच्या मध्यात ताई सोडून जातात, आणि नव्या ताईला मामा-आत्यांच्या यादीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. ती यादी लेखी ठेवावी, कुलपात, मुलींच्या नावांशिवाय.